टोचल्याशिवाय ताट नाही

आये, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तुला पत्र लिहायचं माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. नर्सिंगच्या हॉस्टेलला होते तेव्हा बरोबरीच्या मुली दर रविवारी घरी पत्रं लिहायच्या आणि मी त्यांच्या पाकिटांना डिंक लावून द्यायचे. माझं घर पायी पंधरा मिनिटांवर, मला कशाला हवं पत्र? आता तुला जाऊन इतकी वर्षं झाली, मी स्वतः काठी घेतल्याशिवाय न्हाणीघरापर्यंत जात नाही, आणि आज सकाळपासून मात्र लिहायची नुसती खाज सुटली आहे. तिथे कुणी वाचून दाखवणारं भेटलं तर ऐक. नाही भेटलं तरी चालेल. खरं म्हणजे न भेटलेलंच बरं, कारण मला तुला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती सांगताना तुझे ते डोळे समोर नकोत.

लालबागच्या चाळीतल्या तळमजल्यावरच्या आपल्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत पंगत, मागच्या खोलीत दोन चुली, वर पोटमाळा, आणि सगळीकडे तू. बाबा गेल्यावर अख्ख्या भावकीने सांगितलं की मुलीला घेऊन गावी परत ये. तू गेली नाहीस, खाणावळ घातलीस. देवगड-मालवणकडचे गिरणीकामगार, बायकापोरांना गावी ठेवून आलेले, तुझ्याकडे दोन वेळा जेवायचे आणि वरच्या मजल्यावरच्या मोठ्या गाळ्यात झोपायचे. माणसं तीस आणि अंथरुणं त्याच्या निम्मी. पहिल्या पाळीचा माणूस उठून गिरणीत गेला की रात्रपाळी करून आलेला त्याच अंथरुणावर आडवा व्हायचा. प्रत्येकाचा अंथरुणातला जोडीदार ठरलेला. दोघांची गाठ पडायची ती फक्त सुट्टीच्या दिवशी. तू कुणाचं काही लिहून ठेवत नव्हतीस, पण कुणाची कुठली पाळी, कोण सोमवार धरतो, कोण बांगडा नको म्हणतो आणि वर बांगड्याचीच आमटी दोन वाट्या ओरपतो, कोण कुणाशी बोलत नाही म्हणून दोघांच्या मध्ये तिसरा बसवायचा, हे सगळं तुझ्या डोक्यात पक्कं. पंगतीत ज्याची त्याची जागा होती. एखादा दुसऱ्याच्या पाटावर टेकला की तू पळी उगारूनच यायचीस, "उठ रे मेल्या! थयसर तुजा काय आसा?" आणि पाच-साडेपाच फुटांचे बाप्ये गपचूप उठायचे.

मला नर्सिंगला घातलंस तेव्हा काय कमी बोलणी खाल्लीस? परक्या पुरुषांची घाण काढायला मुलीला पाठवते, असं चाळीतल्या बायका नळावर मोठ्याने बोलायच्या, तुला ऐकू जाईल अशा बेताने. तू हंडा भरलास, डोक्यावर घेतलास आणि म्हणालीस, "माजा चेडू घाण काढता. तुमी नुसती करतात." मी लाजेने मेले होते, पण आजही ते आठवलं की खुदकन हसू येतं. पांढरा गणवेश घालून मी पहिल्यांदा घरी आले त्या दिवशी तू मला मागच्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाहीस. चुलीच्या काजळीने डाग पडेल म्हणून दाराबाहेरच उभी ठेवलीस आणि तिथेच हातावर भाकरी दिलीस.

माझी नेमणूक झाली साथीच्या रोगांच्या इस्पितळात, आणि तिथे मला भेटल्या आमच्या वॉर्डच्या सिस्टर. तू त्यांना ओळखतेसच, पण तू पाहिल्यास त्या एक-दोन दिवसांपुरत्या. आम्ही रोज पाहायचो. फणसवाडीतल्या जुन्या मुंबईकर घरातल्या, उंच, सडपातळ, बोलणं इतकं शुद्ध की रागावल्या तरी धडा वाचल्यासारखं वाटायचं. लग्न केलं नव्हतं. आम्ही मुली त्यांना चळचळा कापायचो. चादरीला सुरकुती दिसली की त्या काही बोलायच्या नाहीत, नुसत्या त्या खाटेपाशी उभ्या राहायच्या, आपण येऊन ती नीट करेपर्यंत. मला मेलीला दर दिवशी एक तरी खाट अशी निघायची.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. गिरणगावात दुसरा विषय नाही. आपल्या पंगतीत आमटी वाढेपर्यंत सभा भरलेली असायची. कोण काय बोलला, कुठे लाठी चालली, परवा मोर्चा कुठून निघणार. आणि त्यातच देवीची साथ आली. आधी वरळीच्या बाजूला, मग डिलाइल रोड, मग परळ. इस्पितळ एका आठवड्यात ओळखू येईनासं झालं. गोवर आणि डांग्या खोकल्याची पोरं दुसऱ्या इमारतीत हलवली. मागच्या अंगाच्या कौलारू शेड झाडून, चुना मारून देवीच्या रोग्यांसाठी उघडल्या. एक फाटक रोग्यांचं, एक आमचं. एकातून आलेल्याने दुसऱ्यातून बाहेर पडायचं नाही. आमच्या रजा बंद, हप्त्याची एक सुट्टी तेवढी ठेवली. नातेवाइकांनी जाळीच्या पलीकडे उभं राहायचं आणि लांबूनच हात हलवायचा. रोग्यांच्या अंगाला चादर चिकटते म्हणून आम्ही त्यांना केळीच्या पानांवर निजवायचो; रोज सकाळी भायखळ्याच्या बाजारातून पानांची हातगाडी यायची. कपडे आधी वाफेच्या भट्टीत आणि मगच धोब्याकडे. सिस्टरनी देवीची लस सगळ्यात आधी कुणाला टोचून घ्यायला लावली असेल? धोब्याला. मग झाडूवाल्यांना, मग भटारखान्यातल्यांना, मग आम्हाला, आणि डॉक्टर शेवटी. एका तरुण डॉक्टरांनी तोंड वाकडं केलं तेव्हा त्या म्हणाल्या, "डॉक्टर, रोग्याचे कपडे तुम्ही उचलत नाही. तो उचलतो." आणखी एक गोष्ट त्या आमच्या डोक्यात हातोडा मारावा तशी मारायच्या. खाटेवर पडलेला रोगी हे साथीचं शेपूट आहे, डोकं बाहेर कुठे तरी जेवतंय, झोपतंय, ते आधी शोधा.

त्या डोक्याशी माझी गाठ आपल्याच घरात पडायची होती. सुट्टीच्या दिवशी मी घरी आले तर तू नेहमीसारखी ओरडली नाहीस. माझा हात धरलास, मागच्या खोलीत नेलंस आणि दार लोटून घेतलंस. वर पोटमाळ्यावर, कोळशाच्या पोत्यांच्या आडोशाला, साचेखात्यातला, मागावर उभा राहणारा तो चाळिशीचा माणूस पडलेला. तोच, जो गावाहून आला की माझ्यासाठी आमसुलं आणायचा. अंगात ताप, आणि कपाळावर, तोंडावर, हातांवर पुरळ. मला कंदील जवळ न्यावा लागला नाही, शिडीवरूनच समजलं. उशाशी कडुनिंबाचा टाळा आणि ताटलीत दहीभात. तू माझं मनगट सोडत नव्हतीस. "देवी इली, जातली," तू म्हणालीस. "तू नर्स आसस, तूच बघ तेका. भायर कोणाक सांगशीत, तर माजी चूल विझली म्हणान समज." मी म्हटलं, आये, वर तीस माणसं झोपतात. तू म्हणालीस, "तीच तीस मानसा उद्या पळतली. मगे मी काय करू? नळावरल्या बायकांका भाकरी विकू?" तुझा आवाज चढला नव्हता, हेच मला भयंकर वाटत होतं. त्या चुलीवर तू मला वाढवलं होतंस, शिकवलं होतंस. ती चूल गेली तर तुझ्याकडे काही म्हणजे काही उरत नव्हतं, आणि न सांगावं तर वरची तीस माणसं. शेवटी तू माझ्या तोंडाकडे बघून एवढंच म्हणालीस, "गप रव हां, बाय." मी त्याला पाणी पाजलं, डोळे पुसले आणि हॉस्टेलला परत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास इस्पितळाची गाडी आपल्या चाळीच्या तोंडाशी उभी आहे. मी गाडीत आहे. सिस्टर पुढे, त्यांच्यामागे लशीचा डबा घेतलेले दोन टोचणारे, आणि आरोग्य खात्याचे एक साहेब, बगलेत वही, कपाळावर आठी. अख्खी चाळ कठड्याला लागलेली. तू दारात पळी घेऊन उभी. तुझी नजर सिस्टरवर गेली, साहेबांवर गेली आणि मग माझ्यावर येऊन थांबली. "तू सांगलंस?" सिस्टरच म्हणाल्या, "तिनेच सांगितलं, आणि योग्य केलं." आये, तू त्या वेळी जे बोललीस ते मी कागदावर लिहिणार नाही, पण मला ते अजून शब्दन् शब्द पाठ आहे. पोटमाळ्यावरून त्याला चादरीच्या झोळीत उतरवला. दारातून नेताना त्या तापातही त्याने तुझ्यासमोर हात जोडले, आणि तुझ्या हातातली पळी खाली आली.

मग साहेबांनी वही उघडली. खाणावळ सोळा दिवस बंद, चुली विझवा, माणसं हलवा. तू मटकन उंबऱ्यावर बसलीस. जन्मात तुला मी तशी बसलेली पाहिली नव्हती. आणि इथे आमच्या सिस्टर पुढे झाल्या. "साहेब, खाणावळ बंद केलीत तर ही तीस माणसं संध्याकाळी जेवायला कुठे जातील?" साहेब म्हणाले, जातील कुठेही, मुंबईत काय खाणावळींना तोटा आहे? "तेच म्हणते मी. तीस माणसं तीस चुलींवर जातील आणि तिथून आपल्याला तीस शेड भराव्या लागतील. आज ती सगळी दिवसातून दोनदा एका दाराशी येतात. हे दार उघडं राहिलं पाहिजे. जबाबदारी माझी, लिहून देते." साहेबांनी बरंच डोकं खाजवलं, पण लिहून देते म्हटल्यावर त्यांचाही जीव भांड्यात पडला. मी सिस्टरकडे बघतच राहिले. वॉर्डात चादरीच्या सुरकुतीपाशी उभी राहणारी ती बाई आमच्या उंबऱ्यावर, तुझ्या शेजारी, साडी सावरून चक्क खाली बसली आणि तुला म्हणाली, "बाई, तो आजारी पडायच्या आधी पंगतीत त्याच्या डाव्या हाताला कोण बसायचं?"

त्यांना ते दोनदा विचारावं लागलं. तू पदराने नाक पुसलंस आणि सुरू झालीस. सकाळच्या पंगतीत त्याच्या डावीकडे कोण, उजवीकडे कोण, समोर कोण. त्याच्या तांब्यातून पाणी कोण पितो. कुणाकडे विडी मागतो. त्याचं अंथरूण दिवसा कोण वापरतं आणि त्याच्या आधी ते कुणाचं होतं. कोण गेल्या आठवड्यात दादरला बहिणीकडे राहून आला, कोण भजनाला परळला जातो. सिस्टर लिहीत होत्या, हात अवघडला की झटकत होत्या आणि पुन्हा लिहीत होत्या. इस्पितळात आम्ही रोग्याला विचारायचो, कुटुंबात कोण कोण? तो सांगायचा, बायको, दोन मुलगे, म्हातारी आई. सगळी गावी. आम्ही लिहायचो, मुंबईत संपर्क कोणी नाही. असे किती कागद आम्ही भरले असतील, आणि तुझ्या एका पंगतीने ते सगळे खोटे पाडले. सिस्टरनी वही मिटली आणि मला म्हणाल्या, "आजपासून कुटुंब विचारायचं नाही. जेवतोस कुठे आणि झोपतोस कुणाबरोबर, ते विचारायचं." दुसऱ्या दिवसापासून वॉर्डातला छापील कागद तसाच ठेवून त्यावर शाईने तेच दोन प्रश्न लिहायला लागलो. नंतर जिथे जिथे मी नोकरी केली तिथे हे दोन प्रश्न घेऊन गेले.

पण टोचायचं काम अजून बाकीच होतं. टोचणारे वर गाळ्यात गेले तर रात्रपाळीवाले झोपेतून उठून भांडायला लागले, दुसऱ्या पाळीचे गिरणीत जायची घाई म्हणून सटकले आणि पहिल्या पाळीचे तर कामावरच होते. "तुमी चारांका येवा," तू म्हणालीस. "पैल्या पाळीचे सुटतत. दुसऱ्या पाळीवाल्यांकाय निरोप धाडतंय, सुट्टी काढून येतले. न येवन जातले खय? जेवान हयसर आसा." तुझा आवाज परत आला होता. मला तर देव पावल्यासारखं झालं.

चारचा भोंगा झाला आणि पुढची खोली गच्च भरली. पंगत बसली, पण कुणाच्या पुढ्यात ताट नाही. बांगड्याच्या तिखल्याचा वास सुटलाय, दिवसभर साच्यावर उभी राहिलेली माणसं भुकेने कावलेली, आणि तू दारात उभी राहून सांगतेस, "टोचून घेतल्याबिगर आज कोणाक ताट नाय." एकच गिल्ला झाला. कुणी म्हणालं, देवीचा कोप होईल. कुणी म्हणालं, लहानपणी टोचलंय, पुन्हा कशाला? आणि मग मधल्या रांगेतला तो धिप्पाड जॉबर उठला, खात्यातला मुकादम, युनियनमधला, आवाज मोठा. "काकी, ह्यो सरकारचो कावो आसा. परवा मोर्चो. आज टोचतले, परवा दंड सुजतले, ताप येतलो. गिरणगाव घरात बसवूची आयडिया!" झालं, सगळे माना डोलवायला लागले. साहेबांचा चेहरा पडला. टोचणाऱ्याने डबा मिटायला घेतला. मोर्च्याचं उत्तर सिस्टरनासुद्धा इस्पितळात कुणी शिकवलं नव्हतं.

तू कमरेवर हात ठेवलास. "एक दंड सुजलो तर दुसरो वर कर रे! संयुक्त महाराष्ट्र तोंडान मागतंस की दंडान?" जो हशा फुटला तो वरच्या मजल्यापर्यंत गेला. जॉबर स्वतःही हसला. तू तेवढ्यावर थांबली नाहीस. "देवीन पोटमाळ्यावर तुमचो मानूस निजवलान. उद्या तुमका निजवल्यान तर मोर्च्यात कोण जातलो, तुमचे बांगडे?" आणि पदर सारून, बाही वर करून, टोचणाऱ्यासमोर स्वतःचा दंड धरलास. लोकांसमोर तू कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हतास. टोचताना तू कळवळली नाहीस, उलट तो हळू करतोय म्हणून त्याला दटावलंस. तुझ्यानंतर रांगेतून पहिला उठला तो त्या आजारी माणसाचा अंथरुणातला जोडीदार, रात्रपाळीवाला, अबोल, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याने मुकाट दंड पुढे केला. "ह्यो बगा शाणो!" तू म्हणालीस आणि पहिलं ताट त्याला वाढलंस. तिसरा जॉबर. मग रांगच लागली, टोचलेला डावा हात पोटाशी धरून उजव्या हाताने भात कालवणारी माणसं. सिस्टरनी हात धुतले आणि सगळ्यांबरोबर पाटावर बसून जेवल्या. कठड्यावरून बघणाऱ्या बायकांना समजायचं ते समजलं. तासाभरात त्या आपापली पोरं काखोटीला मारून आपल्याच दाराशी रांगेत उभ्या होत्या, नळावर बोलणाऱ्यासुद्धा.

आणि आजाऱ्याच्या पाटाशिवाय तुला पंगतीत आणखी एक पाट रिकामा दिसला! सिस्टरच्या यादीत तो माणूस होता, पण पाटावर नव्हता. तू एका क्षणात सांगितलंस की घाबरलाय, डोंगरीला मेव्हण्याकडे गेला असणार आणि सकाळच्या बोटीने गावी पळणार. उजाडायच्या सुमाराला मी आणि टोचणारा भाऊच्या धक्क्यावर. करंड्या, ट्रंका, कोंबड्या आणि माणसांचा नुसता चिखल, पण मी त्याची टोपी ओळखली. तो मला बघून पळाला, मी गणवेशात त्याच्यामागे पळाले, आणि हमालांनी चोर समजून त्याला धरला. दंड पुढे करताना रडत होता बिचारा. मी म्हटलं, काका, देवी गावी घेऊन जाल तर तुमच्याच पोरांना द्याल. तो माझ्याबरोबर परत आला. तू त्याला एक शिवी घातलीस आणि ताटात दोन बांगडे.

मोर्च्याच्या दिवशी माझी ड्युटी दुपारची होती, म्हणून मी रस्त्याच्या कडेला उभी राहून पाहिला. सगळीकडे मुठी वर, आणि मध्येच एक तुकडी अशी की सगळ्यांचे डावे हात पोटाशी धरलेले आणि उजवे आभाळात. आपली खाणावळ! जॉबर पुढे, गळा फाडून ओरडतोय. तापाने कुणाकुणाचे डोळे लाल झाले होते, पण एकही माणूस घरी बसला नव्हता. मी एकटीच हसत आणि रडत उभी राहिले, आजूबाजूच्यांना वाटलं असेल पोरीला वेड लागलं.

सोळा दिवस तू प्रत्येकाच्या कपाळाला हात लावल्याशिवाय वाढलं नाहीस. दोघांना ताप आला आणि पुरळ दिसलं. दोघांनाही तू त्याच तासाला आमच्या फाटकावर पाठवलंस, जॉबरला सोबत देऊन. वेळेवर टोचल्यामुळे त्यांचं थोडक्यात निभावलं. सतराव्या दिवशी साहेब आले, वही उघडली आणि आता नवीन रोगी नाही असं लिहून गेले. आपल्या चाळीतून एकही माणूस आम्ही गमावला नाही, आये. एकही नाही! आणि चूल एक दिवससुद्धा विझली नाही. पोटमाळ्यावरचा तो महिना-दीड महिन्याने सुटला, चेहरा वणांनी भरलेला, मान खाली घालून दारात उभा. पंगतीतली माणसं चुळबुळली. तू त्याला त्याच्या जुन्या पाटावर बसवलंस, आणि जन्मात पुरुषांच्या पंगतीला न बसलेली तू, स्वतःचं ताट घेऊन त्याच्या शेजारी बसलीस. त्यानंतर कोण कशाला तोंड उघडतोय?

महाराष्ट्र झाला त्या दिवशी तू शेवयांची खीर केलीस आणि सिस्टरना बोलावणं पाठवलंस. आणि सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणालीस, "माज्या चेडवान आयशीकसुद्दा सोडूक नाय. घरातलो रोगी, तरी जावन सांगल्यान." त्यानंतर हे तू किती वेळा सांगितलंस! पाहुण्यांना, माझ्या सासरच्यांना, शेवटी शेवटी तुझ्या खाटेपाशी आलेल्या डॉक्टरांनाही. प्रत्येक वेळी मी खाली बघितलं आणि लोकांना तो माझा विनय वाटला.

आये, मी सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी हॉस्टेलला गेले, जेवले आणि तोंडावर पांघरूण घेऊन पडले. सकाळी वॉर्डात गेले, सिस्टरच्या समोरून चार वेळा गेले, चारही वेळा तोंड शिवल्यासारखं. अकराच्या सुमाराला त्यांनी मला कपाटाच्या खोलीत बोलावलं. म्हणाल्या, रात्रपाळीचा एक माणूस फाटकावर येऊन सांगून गेलाय, आजाऱ्याचं आणि त्याचं अंथरूण एकच आहे. एकच विनवणी करत होता म्हणे, काकीला कळू देऊ नका, मला तिच्याकडेच जेवायचंय. "त्याचं नाव निघणार नाही," सिस्टर म्हणाल्या. "तुझं निघेल. आईचं बोलणं तुला खावं लागेल." शिक्षा म्हणून की सोय म्हणून, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाही. बोलणी मी खाल्ली, पण मग शाबासकीही मीच खाल्ली, गं. तो पुढे कितीतरी वर्षं तुझ्याकडे जेवला. तू माझं कौतुक सुरू केलंस की तो आमटीत बघत राहायचा. एकदाही त्याने माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही, आणि मी त्याच्याशी एकदाही दोन शब्द बोलले नाही. तो गिरणी सोडून गावी गेला तेव्हाही नाही. त्या दिवशी तीस माणसं त्याने वाचवली, आणि तू, आणि सिस्टरनी. मी सोडून सगळ्यांनी.

पुढे मी शिकवायला लागले तेव्हा मुलींना ठासून सांगायचे की रोगी घरचा असला तरी तासाच्या आत कळवायचं. ते खरंच आहे, त्यातला एक शब्द मी मागे घेणार नाही. पण त्या शिडीखाली मी पुन्हा उभी राहिले, आणि तू पुन्हा माझं मनगट धरून "गप रव हां, बाय" म्हणालीस, तर मी उठून सांगायला जाईन, असं मला या वयातही छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही.